थांबणे आणि थांबवणे

काही न करता थांबणे याला कर्म म्हणावे काय, हा प्रश्न निदान गीतेच्या चौथ्या अध्यायाइतका जुना आहे. अकर्मात कर्म पाहणाऱ्यास तेथे बुद्धिमान म्हटले आहे. व्याख्यानांतून हा विषय आम्ही पुष्कळदा ऐकला. त्याचा हिशेब मात्र गेल्या पौषात आमच्या बडोद्याच्या स्वयंपाकघरात, एका फ्रेंच पदार्थाच्या निमित्ताने मांडता आला. आमच्या नातीने घरी क्रोसाँ करावयाचे ठरविले होते.

या नावाचा मूळ अर्थ ‘वाढणारा’, म्हणजे वाढती चंद्रकोर. पदार्थ फ्रेंच समजला जातो, पण त्याचा पूर्वज व्हिएन्नाचा. ऑगस्ट झांग या ऑस्ट्रियन तोफखान्यातील माजी अधिकाऱ्याने १८३८-३९ च्या सुमारास पॅरिसमध्ये व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली. आजचे पापुद्रे त्या कोरीला फ्रेंच कारागिरांनी पुढे, विसाव्या शतकाच्या आरंभी दिले. झांग स्वतः मायदेशी परतला आणि १८४८ साली त्याने तेथे वर्तमानपत्र काढले. त्याचा पाव मात्र पॅरिसमध्येच रुजला. पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात नांदलेल्या आपल्या घरांना याचे नवल वाटू नये.

कृती ऐकताना चिरोट्यांची आठवण होते. चिरोट्यांत पोळ्यांच्या मध्ये तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा लावतात, आणि पदर सुटतात ते कढईत. येथे साट्याच्या जागी बटरची सलग चौकोनी वडी असते, यीस्ट घालून मळलेल्या मैद्यात गुंडाळलेली. लाटून तिची तीनपदरी घडी घालायची. असे तीनदा केले की बटरचे २७ थर होतात. ओव्हनमध्ये बटरमधील आणि मैद्यातील पाण्याची वाफ होते व ती एकेक थर उचलून धरते. साजुक तुपात पाणी नसते, म्हणून तुपाची श्रीमंती येथे निरुपयोगी. घरच्या लोण्यात ताकाचा अंश फार, म्हणून तेही नको. बटर सुमारे १५ अंश सेल्सिअसला लवचीक असते. फार गार असेल तर आतल्या आत त्याचे तुकडे पडतात. ऊब लागली तर ते मैद्यात मुरते आणि पदर नाहीसे होतात. पौषाचा मुहूर्त त्यासाठीच.

लाटणे एका वेळी पाच-सात मिनिटांचे. मग तो गोळा अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये विसावतो, कारण लाटल्याने मैद्यातील चिकट तंतू ताणलेले असतात. ते सैल होण्यापूर्वी लाटणे फिरविले तर पोळी आकसते, जोर केला तर फाटते. आकार दिल्यावर पुन्हा फुगण्यासाठी दोन-अडीच तास. आम्ही घड्याळ लावून पाहिले: सकाळी सातपासून सायंकाळी चारपर्यंत नातीचे हातकाम जेमतेम सव्वा तास भरले. उरलेल्या वेळात ती काय करीत होती? मधूनमधून फ्रिज उघडून बोटाने गोळा दाबून पाहत होती आणि पुन्हा ठेवून देत होती. बडोद्यात शिकलेल्या विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली; कर्माला मनाची जोड मिळणे याला त्यांनी विकर्म म्हटले. त्या बोटात ती जोड होती, असे आम्हांस वाटते.

राज्य शासनाच्या सेवेत आम्ही तेहेतीस वर्षे काढली. थांबणे तेथेही पुष्कळ होते आणि त्याला ‘विचाराधीन’ असे प्रतिष्ठित नाव होते. सगळेच वाईट होते असे नव्हे. जमिनीच्या प्रकरणात हरकतींसाठी मुदत ठेवतात; ज्याची जमीन जावयाची त्याला बोलण्यास वेळ मिळावा, हा तिचा हेतू. ती मुदत कापून घाईने दिलेला निर्णय फाटतोच. पण मुदत संपून महिने लोटले तरी फाइल त्याच टेबलावर राहते, तेव्हा तिच्यात काय पिकत असते? नातीला कोणत्याही क्षणी विचारले असते, तर कशासाठी थांबलो आहोत हे तिने एका वाक्यात सांगितले असते. टेबलामागच्या माणसाला ते सांगता येत नाही. पुष्कळदा तसे कोणी विचारणे हाच उद्धटपणा ठरतो.

दुसरा भेद आम्हांस अधिक गंभीर वाटतो. स्वयंपाकघरात जो थांबतो त्याचाच दिवस खर्ची पडतो. कचेरीत फाइल थांबते तेव्हा अधिकाऱ्याचे वेतन थांबत नाही. थांबते ती कुटुंब-निवृत्तिवेतनासाठी खिडकीशी खेटे घालणारी विधवा, तिच्या मुलाची फी, घराचे भाडे. दुसऱ्याचा वेळ वापरून दाखविलेल्या संयमाला संयम म्हणता येईल काय?

क्रोसाँ बारा झाले. कापल्यावर आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसली. नातीच्या दिवसाचा हिशेब तिथे डोळ्यांनी मोजता येत होता. खिडकीशी उभ्या राहिलेल्या माणसाच्या दिवसांचा असा हिशेब फाइलीत कोठे लिहावा, याचा रकाना आमच्या सेवाकाळातील कोणत्याही नमुन्यात नव्हता.