भला गौंटिया

दोन हिवाळ्यांपूर्वी भाच्याने पेन ड्राइव्हवर बीबीसीची एक जुनी मालिका आणून दिली. ‘पोल्डार्क’, १९७५ची. चित्र धुरकट, आणि सेट असे की दार जोरात लावलं तर भिंत हलेल. पण मी आणि आई रोज जेवणं आटोपली की दोन-दोन भाग बघायचो. आईला इंग्रजी येत नाही, मी मधूनमधून सांगायचो. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, “हा त्यांच्या गावचा गौंटिया का रे?”

आई मूळची भंडाऱ्याकडची, लग्नानंतर भिलाईला आली. पन्नास वर्षांत छत्तीसगढी तिच्या मराठीत कधी मिसळली ते तिलाही कळलं नाही. गौंटिया म्हणजे गावाचा मालक, आपल्याकडचा मालगुजार. इंग्रजीतल्या ‘स्क्वायर’ला याहून नेमका शब्द मला आजवर सापडलेला नाही.

हा रॉस पोल्डार्क कॉर्नवॉलचा. अमेरिकेतली हरलेली लढाई लढून १७८३मध्ये घरी येतो तर बाप वारलेला, वाडा पडका, तांब्याची खाण बंद. घराणं मोठं, खिसा रिकामा. तो कुळांच्या बाजूने उभा राहतो. स्वयंपाकघरात काम करणाऱ्या, खाणमजुराच्या मुलीशी लग्न करतो. किनाऱ्यावर फुटलेलं जहाज भुकेल्या लोकांनी लुटलं म्हणून आरोपीच्या पिंजऱ्यातही जातो. आई खूश. “असा पाहिजे मालक.” मला मात्र ते वाक्य खटकत राहिलं, आणि मालिका संपल्यावरही डोक्यातून गेलं नाही.

कारण आपल्या मुलखात मालगुजार हा काही पिढीजात उमराव नव्हता. नागपूरकर भोसल्यांच्या काळात गौंटिया सारा गोळा करून भरणारा, एक तऱ्हेचा ठेकेदारच होता. १८६०नंतरच्या बंदोबस्तात इंग्रजांनी मध्य प्रांतात त्याला थेट मालकी देऊन टाकली. म्हणजे वसुली करणाऱ्याचा धनी झाला. त्यांना बहुधा आपल्या देशातला स्क्वायर इथेही उभा करायचा होता: गावात राहणारा, गावाची काळजी वाहणारा, सरकारशी एकनिष्ठ. काही अंशी तो उभा राहिलाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे धानाला पाणी देणारे तलाव हजारोंनी आहेत, त्यातले कितीतरी मालगुजारांच्या काळातले. मालगुजारी १९५१ साली गेली आणि तलाव सरकारजमा झाले. ‘माजी मालगुजारी’ची आद्याक्षरं घेऊन लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणू लागले. मालक गेला आणि मामा राहिला! आईच्या माहेरी असाच एक मामा तलाव आहे. आता अर्धा गाळाने भरलाय, पण पाळीवरून चालताना आजही माणसं सांगतात, हा अमक्या मालगुजाराने बांधला. बेगारीत कोणाकोणाची पाठ मोडली, ते कोणी सांगत नाही.

सांगितलं ते माधवराव सप्र्यांनी, आणि तेही हिंदीत. मराठी घरातला हा माणूस १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढत होता. पुढच्याच वर्षी त्यात त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा आली. जमीनदार वाड्याचं आवार वाढवण्यासाठी विधवेची झोपडी बळकावतो. ती चुलीसाठी त्याच जागेतली टोपलीभर माती न्यायला येते आणि टोपली उचलायला त्यालाच हात लावायला सांगते. त्याला टोपली हलत नाही. एवढ्याने त्याचे डोळे उघडतात, झोपडी परत मिळते. १९०१ साली आपला गौंटिया अजून सुधारण्याजोगा होता, एका टोपलीने सुधारण्याजोगा.

आणि १९७५? लंडनमध्ये ‘पोल्डार्क’ सुरू झालं ते ऑक्टोबरात. त्याच वर्षी जब्बार पटेलांचा ‘सामना’ बर्लिनच्या महोत्सवात गेला, बेनेगलांचा ‘निशांत’ही त्याच सालचा. दोन्ही पटकथा विजय तेंडुलकरांच्या. ‘सामना’तला हिंदुराव साखर कारखान्याचा सर्वेसर्वा, ‘निशांत’मधला जमीनदार शाळामास्तराची बायको पळवून नेणाऱ्या भावांचा पाठीराखा. टोपली वगैरे उचलायला सांगायची सोयच नाही. इंग्रजांना आपला जमीनदार प्रेमाने आठवता आला, कारण त्यांच्या लेखी तो दोनशे वर्षांमागचा होता. आपला नुकता कायद्याने गेला होता, आणि कारखान्याच्या गाडीतून परत येत होता.

त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून वर्षभर उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत दूरदर्शन दाखवण्याचा ‘साइट’ प्रयोग चालला. आमच्या रायपूरभोवतालची गावंही त्यात होती. चावडीपुढे मांडलेल्या संचावर शेती, आरोग्य, मुलांचे कार्यक्रम. भला गौंटिया त्यात नव्हता. आमच्याकडे तेव्हा तो पडद्यावर लागतच नव्हता, कारण तो शेजारी धूर काढत उभा होता.

मी भिलाई स्टील प्लांटबद्दल, आमच्या बीएसपीबद्दल बोलतोय. १९५५ साली रशियाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली धमनभट्टी सुरू झाली, आणि गौंटियांची गावं पुसून सेक्टर आखले गेले. घर बीएसपीचं, वीज-पाणी बीएसपीचं, शाळा बीएसपीची, जन्म आणि बहुतेकदा मृत्यूही सेक्टर नऊच्या दवाखान्यात. ‘पोल्डार्क’मधला खलनायक आठवतो? जॉर्ज वॉरलेगन, सावकार-बँकवाला, ज्याचा आजा लोहार होता. मालिकेचं मन जुन्या जमिनीच्या बाजूचं, नव्या पैशावर तिचा राग. भिलाईत बरोबर उलटं घडलं. इथे लोहारच गौंटिया झाला आणि आम्ही त्याला मनापासून मालक मानलं. मी त्या मानण्यातच वाढलोय, तेव्हा त्यावर फार तोऱ्यात बोलायचा हक्क मला नाही.

मात्र या मालकाचा हात सगळ्यांपर्यंत पोचत नव्हता. भट्टीचं लोहखनिज ज्या दल्ली-राजहरातून येतं तिथले ठेकेदारी मजूर क्वार्टरच्या हिशोबात नव्हते. १९७७ साली, ‘पोल्डार्क’चे शेवटचे भाग विलायतेत चालू होते त्याच वर्षी, कामगार नेते शंकर गुहा नियोगींच्या पुढाकाराने त्यांची युनियन झाली आणि गोळीबारही झाला. मेलेल्यांच्या नावाने १९८३ साली मजुरांनी स्वतःच्या कष्टाने शहीद अस्पताल उभं केलं. कॉर्नवॉलचे मजूर रॉस खाण कधी उघडतो याची वाट बघतात. राजहरावाल्यांनी वाट बघितली नाही. नियोगींचा खून १९९१मध्ये भिलाईतच झाला. त्या दिवशी आमच्या सेक्टरमध्ये दारं लवकर लागली, एवढं मला आठवतं.

आईला हा भाग सांगितला तेव्हा ती गप्प बसली. मग म्हणाली, “चांगला मालक मिळाला असता त्यांना तर?” तिच्या लेखी प्रश्न तेवढाच होता. सप्र्यांच्या टोपलीपासून रॉसच्या खाणीपर्यंत.

बाबा रिटायर झाल्यावर आम्ही दुर्गला स्वतःचं घर बांधलं, त्याला वीस वर्षं झाली. रजिस्ट्री आईच्या नावावर आहे. परवा मोरीतला नळ रात्रभर ठिबकत होता. सकाळी चहा गाळता गाळता ती म्हणाली, “अरे, मेंटेनन्सला कंप्लेंट लिहून ये ना.”