खाल्लेले केळे, उरलेली कलाकृती

मॉरिझिओ कॅटेलान यांची ‘कॉमेडियन’ ही कृती 2019 च्या डिसेंबरात ‘आर्ट बाझल मायामी बीच’ या कलामेळ्यात मांडली गेली. चिकटपट्टीने भिंतीवर लावलेले एक केळे. किंमत 1 लाख 20 हजार डॉलर. डेव्हिड दातुना या कलावंताने ते सर्वांदेखत सोलून खाल्ले. थोड्याच वेळात तेथे दुसरे केळे लागले. कलाकृती नष्ट झालीच नव्हती. विकले जात होते ते प्रमाणपत्र आणि मांडणीच्या सूचना.

‘ही कला आहे काय?’ हा प्रश्न द्यूशाँच्या 1917 मधील ‘फाउंटन’पासून पुरेसा चघळून झाला आहे. अधिक अवघड प्रश्न कृतीच्या अस्तित्वप्रकाराचा आहे. नेल्सन गुडमन यांनी 1968 मध्ये केलेल्या भेदानुसार चित्राची हुबेहूब नक्कल बनावट ठरते, तर कवितेची अचूक प्रत ही कविताच असते. तेव्हा केळे खाणाऱ्याने फक्त प्रत जाळली, संहिता नव्हे, असे म्हणता येईल. परंतु कविता वहीत उतरवून घेणाऱ्यापाशीही तीच कविता असते. स्वयंपाकघराच्या भिंतीवर केळे चिकटवणाऱ्यापाशी मात्र ‘कॉमेडियन’ नसते. या कृतीने साहित्याकडून पुनरावृत्तीची सोय घेतली आणि चित्राकडून अनन्यतेचा भाव (दोन्ही अर्थांनी). मर्ढेकरांच्या लयतत्त्वाला येथे धरायला काही उरत नाही, कारण संवेद्य द्रव्य कोणते, याविषयी कृती स्वतःच उदासीन आहे.

ही उदासीनता केवळ सौंदर्यशास्त्रीय राहते काय? नोव्हेंबर 2024 मध्ये न्यू यॉर्कच्या सदबीज लिलावात ‘कॉमेडियन’ची एक आवृत्ती शुल्कासह 62 लाख डॉलरना गेली. त्या दिवशीचे केळे बाहेरच्या गाड्यावरून 35 सेंटना आणलेले होते. द्रव्य बदलण्याजोगे ठरले की ते पुरवणारा हातही बदलण्याजोगा ठरतो. कृती बाजाराचा उपहास करते, हे समर्थन मला अपुरे वाटते. ज्या उपहासाची किंमत बाजार आनंदाने मोजतो, त्याने नेमके कोणाला डिवचले?

ग्राहक जस्टिन सन यांनी तेही केळे हाँगकाँगमध्ये खाल्ले, आणि त्याच गाड्यावरून एक लाख केळी घेण्याची घोषणा केली. विक्रेता मात्र दुसऱ्याच्या गाड्यावर तासाच्या मजुरीने उभा होता. नफा झालाच असता तर मालकाचा. केळी विकणाऱ्यापाशी गाडा नव्हता, केळे खाणाऱ्यापाशी प्रमाणपत्र होते.