खुर्ची सोडत जा

सातारा

चि. छकुली हिस,


परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, "मामा, संध्याकाळी ऑफिसातून उठताना कंबर धरते." चोविसाव्या वर्षी कंबर धरते हे ऐकल्यापासून मला चैन नाही, म्हणून हे पत्र.

तुझी नोकरी पुण्याच्या बुधवार पेठेत लागली, याचा मला फार आनंद झाला. त्याच पेठेत, अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात मी छत्तीस वर्षं हिशेब लिहिले. सकाळी वही उघडली की डबा खायलाच मिटायची, आणि डबाही त्याच खुर्चीवर. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की पाणीसुद्धा जागेवर यायचं. माझ्याच वयाचा एक सहकारी काउंटरला होता. गिऱ्हाइकानं पुस्तकाचं नाव सांगितलं की तो शिडीवरून माळ्यावर चढायचा, गठ्ठा उतरवायचा, पुन्हा चढायचा. मला त्याची कीव यायची. पन्नाशी उलटल्यावर एकदा आम्ही दोघं वाड्याच्या जिन्यानं वरच्या गोदामात निघालो. तो बोलत बोलत वर पोचला. मी मधल्या वळणावर कठडा धरून उभा होतो, छाती धपापत होती. कीव कुणाची करायला हवी होती, ते त्या दिवशी उमगलं.

हीच गोष्ट जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनमध्ये १९५३ साली आकड्यांनिशी मांडली होती. तिथल्या दुमजली बसचा ड्रायव्हर दिवसभर बसून, तर कंडक्टर तिकिटं देत दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढायचा. बस एकच, रस्ता एकच. पण हृदयविकार ड्रायव्हरांमध्ये अधिक आढळला.

चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलतात. आपण बसून राहिलो की हे काम मंदावतं. जेवणानंतर थोडं चाललं तर रक्तातली साखर स्नायूंच्या कामी येते, एकदम चढत नाही. आपल्या घरात शतपावली पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, ती उगाच नाही.

तू म्हणशील, "मी रविवारी सिंहगड चढते." जरूर चढ. पण रविवारी पोटभर जेवून आठवड्याची भूक भागत नाही, बाळा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला निदान १५० मिनिटं दमदार चालण्याइतका व्यायाम सांगते, आणि त्याच्या जोडीला बसण्याचा वेळही कमी करा म्हणते. हे दुसरं आपण ऐकत नाही.

म्हणून एवढं कर. टेबलावर पाण्याची बाटली ठेवू नकोस, पेला ठेव. तो संपला की भरायला उठावंच लागेल. फोन आला की उभी राहून बोल. लिफ्ट विसर. अर्ध्या तासाच्या वर एका जागी बसू नकोस. दोन मिनिटं उठलीस तरी पाठ मोकळी होते. दुपारी जेवल्यावर तांबडी जोगेश्वरीच्या देवळापर्यंत जाऊन ये. अप्पा बळवंत चौकातून ते अगदी जवळ आहे.

सकाळी सूर्यनमस्कार घाल. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी संस्थानाचा कारभार सांभाळून रोज नमस्कार घालत, आणि शाळाशाळांतून मुलांनाही घालायला लावत. तू पाचापासून सुरुवात कर आणि अंगवळणी पडतील तसे वाढव. मात्र कमरेचं दुखणं पायात उतरलं किंवा मुंग्या येऊ लागल्या, तर अंगावर काढू नकोस. आधी डॉक्टरांना दाखव.

मी हे सगळं पन्नाशीनंतर शिकलो. तुझ्या हाती अजून तीस-पस्तीस वर्षांची नोकरी आहे. काम मन लावून कर, पण त्यासाठी शरीर गहाण टाकू नकोस.

पुढच्या महिन्यात पुण्याला येतोय. दुपारी दीड वाजता तुझ्या ऑफिसच्या दारात उभा असेन. जोगेश्वरीला बरोबर जाऊ.

तुझा,
मामा