कुलूपबंद घरातील वीज आणि अनर्थदंडाचा विचार

मे महिन्याची सुट्टी लागली किंवा गणपती जवळ आले, की नवी मुंबईतील वाशी, कोपरखैरणे, घणसोली, नेरूळ या भागांतील असंख्य घरांना कुलूप लागते आणि कुटुंबे साताऱ्याला, कोकणात, देशावर आपापल्या गावी जातात. परंतु ज्या घरात आठ-पंधरा दिवस कोणाचेही पाऊल पडत नाही, त्या घराचा विजेचा मीटर मात्र फिरतच राहतो. या गोष्टीकडे सहसा वीजबिलाच्या अंगाने पाहिले जाते. तथापि, ज्या उपभोगाच्या ठिकाणी उपभोग घेणाराच हजर नाही, त्याचे उत्तरदायित्व कोणाकडे जाते, हा प्रश्न मूलतः धर्मविचाराचा आहे.

या प्रश्नाला भिडणारी सर्वांत नेमकी संकल्पना जैन आचारशास्त्रात आढळते. मन, वाणी किंवा शरीर यांच्या व्यापारातून इतर जिवांना पोहोचणारी पीडा म्हणजे ‘दंड’, आणि जिच्यातून कोणाचेही प्रयोजन साधत नाही अशी पीडा म्हणजे ‘अनर्थदंड’. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात गृहस्थाच्या व्रतांमध्ये अनर्थदंडापासून निवृत्त होण्याचा समावेश आहे. आणि आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांपैकी ‘प्रमादचर्या’, म्हणजे बेफिकीर वागणूक, या प्रकारात निष्कारण जमीन उकरणे, पाणी सांडणे, अग्नी पेटवणे, वारा घालणे आणि झाडे तोडणे ही उदाहरणे येतात. गृहस्थाने चूल पेटवू नये, असे हे शास्त्र म्हणत नाही. संसार चालवायचा तर काही हिंसा अटळ आहे, हे ते मान्य करते आणि म्हणूनच प्रयोजन असलेली हिंसा व प्रयोजनशून्य हिंसा यांत भेद करते. पहिलीच्या बाजूने गरजेचे कारण तरी पुढे करता येते. दुसरीच्या बाजूने काहीच सांगता येत नाही.

कुलूपबंद घरातील वीज या दुसऱ्या प्रकारात कशी मोडते, हे साध्या हिशेबाने स्पष्ट होते. टीव्ही रिमोटने बंद केला तरी सेट-टॉप बॉक्स साधारण दहा वॅट आणि वायफायचा राउटर साधारण आठ वॅट वीज घेत असेल, तर पंधरा दिवसांत या दोन उपकरणांवर सुमारे साडेसहा युनिट वीज खर्च होते. एक युनिट म्हणजे एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालवण्यास लागणारी वीज, आणि औष्णिक केंद्रात तेवढ्या विजेसाठी साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे जो टीव्ही कोणी पाहत नाही आणि जे इंटरनेट कोणी वापरत नाही, त्यांच्यासाठी चार किलोंच्या आसपास कोळसा राख होतो. बंद करायचा राहिलेला गीझर तर टाकीतील पाणी थंड झाले की ते पुन्हा पुन्हा तापवत राहतो.

यावर असा आक्षेप येतो, की एका घराच्या साडेसहा युनिटांनी कोणाचे काय बिघडते? ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पारफिट यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात याच युक्तिवादाचा समाचार घेतला आहे. हजार माणसांनी प्रत्येकी इतका सूक्ष्म त्रास दिला, की तो वेगळा जाणवूही नये, तरी सोसणाऱ्याच्या वाट्याला येणारी एकत्रित वेदना असह्य असू शकते. तेव्हा ‘माझा वाटा नगण्य’ एवढ्याने कोणी निर्दोष ठरत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. जैन परंपरा या निष्कर्षाला दुसऱ्या वाटेने पोहोचते, कारण तिच्या दृष्टीने दोष केवळ परिणामाच्या आकारात नसून प्रमादात, म्हणजेच सावधपणाच्या अभावात असतो.

वीज ही सजीव अग्निकाय, म्हणजे अग्नीच हेच शरीर असलेला जीव, मानावी की निर्जीव पुद्गल, म्हणजे जड द्रव्य, यावर जैन संघांत विसाव्या शतकात मतभेद राहिले; परंतु प्रस्तुत विचार त्या वादाच्या निर्णयावर अवलंबून नाही. विजेमागची पीडा बटणापाशी दिसत नसली तरी तिचे पत्ते ठाऊक आहेत. राज्याच्या ग्रिडमध्ये, म्हणजे सर्व केंद्रांची वीज एकत्र वाहून नेणाऱ्या जाळ्यात, चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची वीज येते आणि तेथील धूर व राख चंद्रपूरकरांच्या वाट्याला येते. त्याच जाळ्यात १,९६० मेगावॅट क्षमतेच्या कोयना प्रकल्पाचीही वीज येते, ज्याच्या धरणासाठी पाटण आणि जावळी तालुक्यांतील माणसांना पिढ्यान्‌पिढ्यांची घरे आणि शेते सोडावी लागली. वाशीच्या कृषी उत्पन्न बाजारात ओझी उचलणारे कितीतरी माथाडी कामगार याच तालुक्यांतले आहेत. जत्रेसाठी गावी गेलेल्या अशा कुटुंबाच्या बंद खोलीत वीज वाया जाते, तेव्हा आपल्याच खोऱ्याने मोजलेली किंमत मातीमोल होत असते.

या विचाराला सर्वांत नाजूक वळण देव्हाऱ्यापाशी मिळते. घर सोडताना सगळे दिवे मालवले, तरी देवापुढचा झिरोचा बल्ब चालू ठेवण्याची पद्धत अनेक कुटुंबांत आहे, आणि ‘देव अंधारात कसा ठेवायचा’ ही त्यामागची भावना आदराचीच आहे. पण नंदादीप, म्हणजे देवापुढे सतत तेवणारा दिवा, परंपरेत सेवा मानला गेला तो त्यात तेल घालणाऱ्या, वात सारणाऱ्या आणि रात्री उठून तो पाहणाऱ्या हातांमुळे. नवरात्रातला अखंड दिवा लावणारे कुटुंब म्हणूनच त्या दिवसांत घर एकटे सोडत नाही. जेथे कोणाचेही लक्ष नाही, तेथे यंत्राने लावून ठेवलेला उजेड सेवा ठरत नाही. याच परंपरेने मानसपूजा, म्हणजे बाह्य साधनांशिवाय मनाने करायची पूजा, मान्य केली आहे, आणि प्रवासातल्या माणसाला ती कोठेही करता येते. देव्हाऱ्यातला बल्ब हात जोडून मालवल्याने देवाचा अनादर होत नाही.

महात्मा गांधींनी अस्तेय व्रताचा अर्थ विस्तारताना गरजेहून अधिक घेणे हीही चोरीच मानली, आणि नवी मुंबईलगतच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे येथे १८९५ साली जन्मलेल्या विनोबांनी हे व्रत आयुष्यभर आचरले. घरात माणूस असताना गरज किती, यावर वाद होऊ शकतो. घर रिकामे असताना ती बहुतेक उपकरणांपुरती शून्यच असते. बहुतेक म्हणण्याचे कारण असे, की फ्रिजमध्ये इन्सुलिन असेल, टाकीत मासे असतील किंवा सुरक्षेसाठी कॅमेरा लागत असेल, तर ती वीज प्रयोजनाची आहे आणि व्रत तिला हरकत घेत नाही. तेवढ्या एमसीबी चालू ठेवून बाकीच्या पाडता येतात. तसे काही नसेल, तर निघण्याच्या आदल्या दिवशी फ्रिज रिकामा करून, पुसून, त्याचे दार किंचित उघडे ठेवावे, गॅसचा रेग्युलेटर बंद करावा आणि मेन स्विच खाली करावा. घराला कुलूप लावताना गृहस्थाने पाळायचा हा धर्म आहे, आणि कोणत्याही पंथाच्या कुटुंबाने येत्या सुट्टीपासूनच तो आचरणात आणावा.