सत्ता : भूमीची देणगी की अल्लाहची अमानत?

राज्ये कशाच्या बळावर उभी राहतात? बुलढाणा जिल्ह्याची भूमी या प्रश्नाचे एक उत्तर देते. उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यातील काळी, सुपीक जमीन म्हणजे पायनघाट. दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगेवरील पठार म्हणजे बालाघाट. खानदेशातून दख्खनकडे निघालेल्या फौजांना हा घाट चढावाच लागे. म्हणूनच रोहिणखेड येथे १४३७ मध्ये बहामनी फौजेने खानदेशच्या नसीर खानाला परतवून लावले आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस अहमदनगरच्या गादीचा निकालही तेथेच लागला.

पठारावरील साखरखेर्ड्याचा प्रसंग अधिक बोलका आहे. दिल्लीची वजिरी सोडून निजामुल्मुल्क दख्खनेत परतला, तेव्हा बादशहा मुहम्मद शाहने मुबारिज खानाला त्याच्याविरुद्ध उभे केले. ऑक्टोबर १७२४ मधील लढाईत मुबारिज खान मारला गेला. ज्याच्याविरुद्ध फौज उभी केली, त्यालाच पुढील वर्षी बादशहाने ‘आसफजाह’ हा किताब दिला! दिल्ली दूर होती. त्या अंतरानेच हैदराबादच्या राज्याला जागा करून दिली.

इब्न खल्दून (मृत्यू १४०६) यांनी भूमी, हवामान आणि ‘असबिय्यत’ म्हणजे समूहनिष्ठा यांच्या आधारे राज्यांचा उदय व अस्त उलगडून दाखवला. परंतु सत्ता कशी मिळाली हे समजले, म्हणजे ती न्याय्य ठरली असे नव्हे. साखरखेर्ड्याला दोन्ही सेनापती एकच कलमा पढणारे होते, आणि विजेत्याच्या बाजूने मराठ्यांचेही साहाय्य होते. तेथील विजय हा सत्याचा पुरावा नव्हता. ते बळाचे मोजमाप होते.

सूरह आले-इमरान सांगते की, राज्य देणारा आणि काढून घेणारा अल्लाहच आहे. सूरह अन्-निसा बजावते की, अमानत तिच्या हक्कदारांच्या स्वाधीन करा आणि निवाडा न्यायाने करा. म्हणजे सत्ता मिळणे ही मान्यता नव्हे, ती परीक्षा आहे.

हा प्रश्न सुलतानांबरोबर संपला नाही. ग्रामपंचायत असो वा मशिदीची कमिटी, पद पुष्कळदा भावकीच्या संख्येवर मिळते. ही आजची असबिय्यतच होय. पद तिच्यामुळे मिळाले असेल. पण हिशेबाच्या दिवशी भावकी उत्तर देणार नाही. ज्याने आपल्याला मत दिले नाही, त्याचा हक्क आपण पोहोचवला काय, हेच तेथे विचारले जाईल.

अल्लाह आपणा सर्वांना अमानत सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.