आजचं चिंतन : इरलं, आलवण आणि योगक्षेम



आज गीतेचा नववा अध्याय, श्लोक बाविसावा. अनन्य भक्ताच्या योगक्षेमाची जबाबदारी भगवंत इथे स्वतःकडे घेतात. योग म्हणजे जे मिळालेलं नाही ते मिळणं, आणि क्षेम म्हणजे मिळालेलं सांभाळलं जाणं. एलआयसीचं बोधवाक्य याच श्लोकातलं आहे. म्हणूनच की काय, आपण भक्तीचाही विमा करून टाकतो. नामाचा हप्ता भरला, आता संकट येणार नाही!

पण देवाचं रक्षण म्हणजे संकट न येणं का? मला याचं उत्तर आमच्या रत्नागिरीच्या इरल्यात सापडतं.

शहरात वाढलेल्यांनी इरलं कदाचित पाहिलंही नसेल. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर पळसासारख्या रुंद पानांचे थर. आकार उपड्या होडीसारखा, डोक्यापासून कमरेपर्यंत. आता पानांच्या जागी प्लास्टिक आलं. रत्नागिरीत वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि भाताची लावणी नेमकी त्याच धारेत करायची असते. छत्री धरली की एक हात अडकला. वाकून तरवा लावणाऱ्या बाईला दोन्ही हात हवेत. इरलं डोक्यावर टेकतं, पाठ झाकतं आणि हात मोकळे ठेवतं. ते पाऊस थांबवत नाही, आणि थांबवायचाही नाहीये, कारण भात त्याच पावसावर पिकतो. पाय चिखलातच असतात, फक्त डोकं आणि पाठ कोरडी राहते. तेवढ्यावर दिवसभराचं काम होतं.

मला वाटतं, क्षेम ते हेच. संकट टळत नाही, पण त्यात उभं राहून आपलं काम करता येतं.

आता याच कोकणात बाईच्या डोक्यावर आणखी एक आच्छादन होतं, तेही 'रक्षणा'च्याच नावाने. आलवण. ब्राह्मण घरांत नवरा गेला की बाईचं केशवपन व्हायचं आणि त्या मुंडण केलेल्या डोक्यावरून तांबड्या, जाड्याभरड्या लुगड्याचा पदर यायचा. तिच्या शीलाचं रक्षण, घराण्याच्या मर्यादेचं रक्षण, असं सांगितलं जाई. शास्त्राचे दाखलेही दिले जात. पण ते आलवण तिला कोणत्या पावसापासून वाचवत होतं? हात मात्र बांधले जायचे. शिकायचं नाही, सणाला पुढे यायचं नाही, पुन्हा संसार मांडायचा नाही.

देवरुखच्या गोदूबाई जोशी बालविधवा होत्या. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, तेव्हा तिथे शिकायला आलेल्या त्या पहिल्या विधवा. 1893 मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. कर्व्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. तरी 1896 मध्ये कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम सुरू केलाच. पुढे आनंदीबाईंनी 'माझे पुराण' या नावाने आत्मचरित्र लिहिलं. ज्या हातांना काहीच करायचं नव्हतं, त्या हातांनी!

मग रक्षण आणि बंधन ओळखायचं कसं? कापडावरून नाही ओळखता येत. आरतीला उभी राहिलेली आजी आपसूक डोक्यावर पदर घेते, त्यात तिचा भाव असतो. तोच पदर सुनेवर सक्तीने आला की त्याचा अर्थ बदलतो. मी दोन प्रश्न विचारते. हात मोकळे राहिले का? आणि ओझं कोण वाहतंय? गीतेतलं क्रियापद नीट बघा. भगवंत योगक्षेम 'देतो' म्हणत नाहीत, 'वाहतो' म्हणतात. म्हणजे रक्षणाचा भार रक्षण करणाऱ्याने उचलायचा. आलवणात सगळा भार तिच्याच डोक्यावर होता आणि अब्रू मात्र घराण्याची राखली जात होती. त्याला देवाचं नाव दिलं, म्हणून ते देवाचं होत नाही.

आपणही 'काळजीपोटी' बरंच करतो. बहिणीला रात्री उशिरा बाहेर जायचं नाही म्हणतो, आईला एकटीने प्रवास नको म्हणतो. आज असं काही म्हणण्याआधी एकदा थांबून बघा. तिला आणायला स्टेशनवर जायचा भार आपण उचलतोय का, की नुसतंच तिला घरी बसवतोय?

आजची प्रार्थना एवढीच : देवा, पाऊस थांबव असं मागत नाही. हात मोकळे राहू देत. आणि दुसऱ्याचं इरलं होता येऊ दे.

राम कृष्ण हरी!