पावसाआधीची शाकारणी

मे सरत आला की कोकणात घरं शाकारायची घाई सुरू होते. पूर्वी छपरावर नळे, म्हणजे अर्धगोल कौलं असत. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला आणि खाचेत खाच बसणारी मंगलोरी कौलं पुढे किनारपट्टीभर पोचली. फुटकं कौल बदलणं सोपं. खरा घात करतो तो कौलांच्या खाचांत साचलेला पाला. त्यात पाणी अडतं, उलटं आत शिरतं. आधी रीप कुजते, मग वासा. माझ्या मते शाकारणी म्हणजे कौलांपेक्षा लाकडाचीच राखण. फुटकं कौल बदलताना एक लक्षात ठेवा, वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं मात्र एकमेकांत नीट बसत नाहीत. म्हणून जुनं घर उतरवलंत, तर त्याची धड कौलं फेकू नका. वाडीत विचारा, कुणाला तरी नेमकी तीच हवी असतील.